वास्तुकलेतील मानसन्मानाची वाटचाल : अच्युत कानविंदे यांच्या कारकिर्दीचा ग्रामीण विद्यार्थ्यांच्या दृष्टीने विचार

सारांश :

वास्तुविशारद या व्यवसायात सर्वोच्च मान्यता कशी मिळते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी कोकणातील आचरे या गावी जन्मलेले ख्यातनाम वास्तुविशारद अच्युत कानविंदे (१९१६–२००२) यांची कारकीर्द मध्यवर्ती ठेवली असून बाळकृष्ण दोशी आणि चार्ल्स कोरिया यांच्या कार्याशी तिची तुलना केली आहे. मोठा सन्मान शैलीच्या झगमगाटातून मिळत नाही. समाजाची एखादी खरी गरज ओळखून दीर्घकाळ केलेल्या कामातून तो मिळतो, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. या दृष्टीने मराठवाड्यातील विद्यार्थ्यांजवळ असलेले अनुभवाचे भांडवल कोणते, याचीही चर्चा केली आहे.

बीजशब्द : वास्तुकला, वास्तुविशारद, अच्युत कानविंदे, माळवद, व्यावसायिक मान्यता.

प्रस्तावना :

वाटूर (ता. परतूर, जि. जालना) परिसरातील महाविद्यालयात करिअर मार्गदर्शनाचे काम करताना एका विद्यार्थिनीने एकदा विचारले, "सर, नकाशा काढणारा इंजिनिअर आणि आर्किटेक्ट यांत फरक काय?" प्रश्न साधा होता, परंतु वर्गातील एकाही विद्यार्थ्याला त्याचे उत्तर देता आले नाही. काहींनी 'वास्तुशास्त्र' हा शब्द उच्चारला आणि घराचे दार कोणत्या दिशेला असावे, हे सांगणारी व्यक्ती म्हणजे आर्किटेक्ट, असा समज व्यक्त केला.

हे अज्ञान केवळ विद्यार्थ्यांचे आहे असे म्हणता येणार नाही. प्रस्तुत लेखक स्वतः बारावीत असताना शासकीय रेखाकला परीक्षा उत्तीर्ण झालेला होता आणि गणितातही त्याला गती होती. चित्रकला आणि गणित या दोहोंची सांगड घालणारी एक विद्याशाखा अस्तित्वात आहे आणि तिच्यासाठी स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते, ही गोष्ट त्याला त्या परीक्षेची मुदत उलटून गेल्यावर कळली. लेखकाची वाट पुढे वेगळी झाली, याचे त्याला दुःख नाही; परंतु आजही एखाद्या मुलाची किंवा मुलीची वाट केवळ माहितीअभावी बदलत असेल, तर तो दोष शिक्षकांच्या पदरात पडतो. प्रस्तुत लेखामागील प्रेरणा हीच आहे.

वास्तुविशारद म्हणजे कोण?

गावात घर बांधताना गवंडी, मिस्त्री, सेंट्रिंगवाला आणि फार तर नकाशा मंजूर करून आणणारा इंजिनिअर एवढ्यांचीच गरज भासते. इमारत उभी राहावी, तिने भार पेलावा, हे स्थापत्य अभियंत्याचे मुख्य क्षेत्र होय. त्या इमारतीत माणसाने कसे राहावे, ऊन-वारा कोठून यावा, पावसाचे पाणी कोठे जावे, स्वयंपाकघरातील स्त्रीला उजेड मिळतो की धूर, शाळेतील शेवटच्या बाकावरील मुलाला फळा दिसतो की नाही, या सर्व बाबींचा एकत्रित विचार करून जागेची रचना करणे, हे वास्तुविशारदाचे क्षेत्र होय. दोघांची कामे परस्परपूरक आहेत.

भारतात या व्यवसायाचे नियमन वास्तुविशारद अधिनियम, १९७२ या कायद्याने होते. या कायद्यान्वये वास्तुकला परिषद स्थापन झाली असून परिषदेकडे नोंदणी झालेल्या व्यक्तीलाच 'आर्किटेक्ट' ही उपाधी लावता येते. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिलेल्या निर्णयानुसार या कायद्यातील कलम ३७ हे उपाधीच्या वापरावर निर्बंध घालते, इमारतीचा आराखडा करण्याच्या कामावर नव्हे. याचा अर्थ असा की, कायदा उपाधीचे रक्षण करतो. प्रतिष्ठा मात्र ज्याची त्याला कामातूनच मिळवावी लागते.

मानसन्मानांचे स्वरूप :

या क्षेत्रातील मान्यतेचे स्तर प्रथम समजून घेणे आवश्यक आहे. व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स. तिचा उगम १९१७ साली मुंबईत स्थापन झालेल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांच्या मंडळात आहे. १९२९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. या संस्थेचे बाबुराव म्हात्रे सुवर्णपदक हा देशातील व्यवसायबंधूंनी केलेला मोठा गौरव मानला जातो. आंतरराष्ट्रीय पातळीवर ब्रिटनमधील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सचे रॉयल सुवर्णपदक १८४८ पासून दिले जाते. अमेरिकेतील प्रित्झकर पारितोषिक १९७९ पासून दिले जात असून त्यास वास्तुकलेतील नोबेल असे संबोधले जाते. आगा खान पुरस्कार दर तीन वर्षांनी दिला जातो. त्याचे वैशिष्ट्य असे की, तो व्यक्तीपेक्षा प्रत्यक्ष उभारलेल्या प्रकल्पाला दिला जातो आणि तेथे राहणाऱ्या लोकांचे जीवन त्या वास्तूने कितपत सुधारले, याचाही विचार होतो.

या सन्मानांसाठी कोणतीही लेखी परीक्षा नसते. काम उभे राहते, लोक त्यात राहतात, वर्षे लोटतात आणि मग त्या कामाचे मूल्य ठरते. म्हणून या सन्मानांची वाट समजून घ्यायची तर एखाद्या कारकिर्दीचा क्रमाने अभ्यास करणे हाच योग्य मार्ग ठरतो.

अच्युत कानविंदे : आचरे ते कानपूर

अच्युत पुरुषोत्तम कानविंदे यांचा जन्म १९१६ साली आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आचरे या गावी झाला. वडील चित्रकार होते आणि मुंबईत कलाशिक्षक म्हणून काम करीत. घरातून मिळालेली चित्रकलेची दृष्टी घेऊन कानविंदे १९३५ मध्ये मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेच्या वास्तुकला विभागात दाखल झाले. तेथे क्लॉड बॅटली हे त्यांचे गुरू होते. बॅटली हे इंग्रज असूनही भारतातील जुन्या वास्तूंचा, येथील हवामानाचा आणि राहणीचा अभ्यास करण्याचा आग्रह धरीत. पाहिलेली वास्तू मोजून कागदावर उतरविणे हा त्या शिक्षणाचा पाया होता.

पदवीनंतर कानविंदे यांनी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेत नोकरी स्वीकारली. शांतिस्वरूप भटनागर यांच्या नेतृत्वाखालील ही संस्था तेव्हा नुकतीच स्थापन झाली होती. देशाला संशोधन प्रयोगशाळा हव्या होत्या. परंतु प्रयोगशाळेची इमारत कशी असावी, याचा अनुभव असलेला वास्तुविशारद देशात जवळजवळ नव्हता. ही उणीव भरून काढण्यासाठी १९४५ मध्ये सरकारने कानविंदे यांना अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पाठविले. तेथे जर्मनीतील बाउहाउस या प्रसिद्ध कलासंस्थेचे संस्थापक वॉल्टर ग्रोपियस यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. इमारतीचे रूप हे तिच्या उपयोगातून आणि बांधकामाच्या पद्धतीतून घडावे, हा विचार त्यांनी तेथून आणला.

१९४७ मध्ये भारतात परतल्यावर परिषदेचे वास्तुविशारद म्हणून त्यांनी संशोधन संस्थांच्या इमारतींचे काम हाती घेतले. अहमदाबाद येथील वस्त्रोद्योग संशोधन संस्थेची, अर्थात 'अटिरा'ची १९५० च्या दशकाच्या आरंभी उभी राहिलेली इमारत ही त्यांची आरंभीची महत्त्वाची कृती होय. १९५५ मध्ये शौकत राय यांच्यासह त्यांनी 'कानविंदे अँड राय' ही संस्था दिल्लीत स्थापन केली. म्हणजे सरकारी सेवेत सुमारे बारा वर्षे अनुभव घेतल्यानंतरच त्यांनी स्वतःचा व्यवसाय सुरू केला, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

या संस्थेला मिळालेले सर्वांत मोठे आव्हान म्हणजे कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा परिसर होय. संस्थेचे पहिले संचालक पु. का. केळकर होते. उत्तर भारतातील कडक उन्हाळा, विद्यार्थ्यांची सतत होणारी ये-जा आणि विविध विभागांतील परस्पर संपर्काची गरज, या बाबी समोर ठेवून कानविंदे यांनी ग्रंथालय, व्याख्यानकक्ष आणि विभागांच्या इमारती आच्छादित पादचारी मार्गांनी जोडल्या. वाहने आणि पायी चालणारे यांचे रस्ते वेगळे ठेवले. काँक्रीटचा उघडा सांगाडा आणि त्यात विटांच्या भिंती, अशी साधी रचना वापरली. विद्यार्थ्यांच्या गाठीभेटी वर्गाबाहेरही व्हाव्यात, यासाठी वाटा, अंगणे आणि सावल्या यांची योजना केली. १९६० च्या दशकात साकारलेला हा परिसर भारतीय शिक्षणसंस्थांच्या वास्तुरचनेत आदर्श मानला गेला.

उपयोगातून रूप घडते, या त्यांच्या विचाराचे दुसरे उत्तम उदाहरण म्हणजे गुजरातमधील मेहसाणा येथील १९७० च्या दशकातील दूधसागर डेअरी होय. दूध वरच्या पातळीवर घेऊन प्रक्रियेच्या टप्प्यांतून ते खाली उतरत जावे, या क्रमानुसार इमारतीचा उभा छेद ठरविण्यात आला. आतील उष्ण हवा बाहेर टाकणारे उंच झडपदार मनोरे हेच त्या इमारतीचे बाह्य रूप ठरले. डेअरीसारख्या कारखान्यातही वास्तुकलेला स्थान असते, हे त्यांनी या कामातून सिद्ध केले. वरळी, मुंबई येथील १९८५ मध्ये सुरू झालेले नेहरू विज्ञान केंद्र ही महाराष्ट्रातील वाचकांना सहज पाहता येईल अशी त्यांची कृती आहे.

कानविंदे यांनी आपले काम इमारतींपुरते मर्यादित ठेवले नाही. १९५९ मध्ये ललित कला अकादमीने दिल्लीत भरविलेल्या वास्तुकलेवरील चर्चासत्रात त्यांचा पुढाकार होता; स्वतंत्र भारताची वास्तुकला कशी असावी, यावर तेथे विचारमंथन झाले आणि त्या चर्चेचे संपादन कानविंदे यांनी केले. पुढे १९६९ मध्ये एच. जेम्स मिलर यांच्यासह त्यांनी भारतातील शैक्षणिक परिसरांच्या रचनेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. भारत सरकारने त्यांना 'पद्मश्री' देऊन गौरविले आणि १९८५ मध्ये बाबुराव म्हात्रे सुवर्णपदक त्यांना प्राप्त झाले. तेव्हा त्यांचे वय ६९ वर्षांचे होते.

या कारकिर्दीचे विश्लेषण केल्यास पुढील टप्पे स्पष्ट होतात : निरीक्षण आणि रेखाटन, योग्य गुरू, सार्वजनिक कामाचा दीर्घ अनुभव, एका गरजेवर प्रभुत्व, सहकाऱ्यासह संस्था उभारणी आणि शेवटी स्वतःच्या अनुभवाचे लेखन व व्यवसायातील नेतृत्व. यांपैकी कोणताही टप्पा वगळून त्यांना सन्मान मिळाला असता, असे वाटत नाही.

दोशी आणि कोरिया : समांतर वाटा

हा क्रम केवळ एका व्यक्तीचा योगायोग नाही, हे पडताळण्यासाठी आणखी दोन कारकिर्दी पाहू. बाळकृष्ण दोशी यांचा जन्म १९२७ मध्ये पुण्यात झाला. सर ज. जी. कलाशाळेत शिक्षण घेतल्यावर १९५० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी पॅरिसमध्ये ल कॉर्बुझिए यांच्या हाताखाली काम केले. पुढे अहमदाबादला स्वतःची संस्था काढली आणि १९६२ मध्ये तेथील वास्तुकला विद्यालयाची स्थापना केली. इंदूर येथील अरण्य वसाहतीत त्यांनी अल्प उत्पन्न गटासाठी चौथरा, पाणी-संडासाची सोय आणि एखादी खोली एवढ्यापासून आरंभ करून कुटुंबाने ऐपतीप्रमाणे घर वाढवावे, अशी योजना आखली. सुमारे ६,५०० घरे आणि ८०,००० हून अधिक लोकवस्तीच्या या प्रकल्पाला १९९५ मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये प्रित्झकर पारितोषिक मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. त्या वेळी त्यांचे वय ९० वर्षांचे होते. २०२२ मध्ये त्यांना रॉयल सुवर्णपदक मिळाले आणि २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

गोमंतकीय कुटुंबातील चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांना तुलनेने लवकर, म्हणजे १९८४ मध्ये रॉयल सुवर्णपदक मिळाले. प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह १९६० च्या दशकात त्यांनी नवी मुंबईची कल्पना मांडली. बेलापूर येथील वसाहतीत त्यांनी सात-सात घरांचे गट लहान अंगणाभोवती गुंफले. कोणतेही दोन शेजारी भिंत सामाईक करीत नाहीत, त्यामुळे प्रत्येक कुटुंबाला आपले घर स्वतंत्रपणे वाढविता येते आणि स्थानिक गवंड्यालाही ते काम जमते.

तिघांचे स्वभाव, गुरू आणि रचनाशैली वेगळ्या आहेत. तथापि प्रयोगशाळा, विद्यापीठ, डेअरी, गरिबाचे घर, नवे शहर या देशापुढील प्रत्यक्ष गरजांना तिघांनीही आपले आयुष्य वाहिले. त्यांच्या सन्मानाचे मूळ येथे आहे.

खेड्यातील वास्तूला मान्यता मिळू शकते काय?

मोठे सन्मान मोठ्या शहरांतील मोठ्या इमारतींनाच मिळतात, असा समज होणे स्वाभाविक आहे. त्याला छेद देणारे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यातील लासूर येथील कुष्ठरुग्णालयाला १९९८ मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला. यान ओलाव येन्सन आणि पेर ख्रिश्चन ब्रिनिल्डसेन या नॉर्वेच्या तरुणांनी १९८० च्या दशकात ते साकारले. स्थानिक दगडाच्या भिंती, कमानदार छत आणि उजाड माळावर रुग्णांना विसावा देणारे मध्यवर्ती अंगण, एवढीच त्याची सामग्री. त्याच वर्षी कोरिया यांच्या भोपाळ येथील भव्य विधानभवनालाही हाच पुरस्कार मिळाला. एका रांगेत राज्याचे विधानभवन आणि खेड्यातील रुग्णालय बसू शकते, हे ग्रामीण विद्यार्थ्यांनी विसरू नये.

मराठवाड्याचे भांडवल आणि मराठवाड्याची गरज :

आपल्या भागातील जुन्या घरांना जाड दगड-मातीच्या भिंती, लाकडी खणांचा सांगाडा आणि वर पांढऱ्या मातीचे माळवद असे. वैशाखातही आत गारवा राहतो, हे येथील प्रत्येक मुलाने अनुभवले आहे. ढाळज, अंगण, देवळी, बळद यांचा प्रत्यक्ष उपयोग त्याने पाहिलेला असतो. शहरातील विद्यार्थी जे पुस्तकातून शिकतो, ते या मुलाच्या अंगवळणी पडलेले असते.

परंतु या घराची दुसरी बाजूही आपण भोगली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-धाराशिव परिसरातील सुमारे ८,००० माणसे दगावली. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी नवा थर चढवल्यामुळे माळवदाचे वजन वाढत गेले होते. मातीत रचलेल्या गोट्यांच्या भिंती हादऱ्याने फुटल्या आणि ते वजन झोपलेल्या माणसांवर आले. लाकडी खांबांचा सांगाडा मात्र अनेक ठिकाणी तगून राहिला. त्यानंतर ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. घरे भूकंपरोधक झाली, तथापि सरळ रस्त्यांच्या चौकटीत बसविलेल्या या गावांत जुन्या गल्लीतील शेजार, गुरांची जागा, अंगणातील कामे यांचा मेळ बसविताना लोकांना अडचणी आल्या.

तेव्हापासून गावोगावी काँक्रीटचा स्लॅब आणि पत्रा आला. या स्लॅबमध्ये लागणारी सळई आपल्या जालन्याच्या कारखान्यांतही तयार होते. जीव वाचविणारा हा सांगाडा हवाच. परंतु दुपारी तापणाऱ्या स्लॅबखाली म्हातारी माणसे आणि लहान मुले कशी राहतात, हे आपण पाहतो. माळवदाचा गारवा आणि काँक्रीटची सुरक्षितता एकाच घरात, शेतकऱ्याला परवडेल अशा खर्चात कशी आणावी, हा प्रश्न अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही. कानविंदे यांच्या पिढीपुढे प्रयोगशाळेचा प्रश्न होता. मराठवाड्यातील आजच्या विद्यार्थ्यापुढे हा प्रश्न आहे. जो तो सोडवील, त्याच्याकडे मान्यता आपल्या पायांनी चालत येईल.

प्रत्यक्ष मार्ग :

वास्तुकलेची पदवी पाच वर्षांची असून तिच्यात प्रत्यक्ष कार्यानुभवाचा समावेश असतो. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय असणे आवश्यक आहे. गणितासह दहावीनंतरची तीन वर्षांची पदविका घेतलेल्यांनाही वाट खुली असते. २००६ पासून घेतली जाणारी 'नाटा' ही अभियोग्यता चाचणी किंवा जेईई मुख्य परीक्षेतील वास्तुकलेचा स्वतंत्र पेपर द्यावा लागतो. केवळ बारावीच्या गुणांवर किंवा अभियांत्रिकीच्या सीईटीवर हा प्रवेश होत नाही, हे विद्यार्थ्यांनी अकरावीतच लक्षात घ्यावे. राज्यातील प्रवेश सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत होतात. पात्रता व तारखांत बदल होत असल्याने त्या वर्षीची अधिकृत सूचना अवश्य वाचावी.

खर्चाची भीती अनेकांना मागे खेचते. शुल्काखेरीज कागद, प्रतिकृतींचे साहित्य आणि संगणक यांचा खर्च येतो, हे नाकारता येत नाही. तथापि राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेसारख्या योजना उपलब्ध आहेत. तसेच २०२४ मध्ये शासनाने वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबांतील मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेशित व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय घेतला आहे.

प्रवेशापूर्वी करण्यासारखी एक गोष्ट मात्र विनामूल्य आहे. विद्यार्थ्याने टेप घेऊन आपले किंवा शेजारचे जुने घर मोजावे. भिंतीची जाडी, खणांची संख्या, खिडक्यांची उंची कागदावर प्रमाणात उतरवावी. सकाळी, दुपारी व सायंकाळी ऊन कोठे पडते, घरातील माणसे त्या वेळी कोठे बसतात, याची नोंद करावी. बॅटली यांच्या वर्गात होणारे शिक्षण आणि हा अभ्यास यांची जात एकच आहे.

निष्कर्ष :

१. वास्तुकलेतील उच्च मान्यता हे दीर्घकालीन कार्याचे फलित असून ती बहुधा उत्तरायुष्यात प्राप्त होते. लवकर प्रसिद्धीची अपेक्षा ठेवून या क्षेत्रात येणे योग्य नव्हे.

२. पदवी आणि नोंदणी यांमुळे उपाधी मिळते. प्रतिष्ठा मात्र समाजाच्या खऱ्या गरजेला दिलेल्या उत्तरातून मिळते.

३. स्वतंत्र व्यवसायापूर्वी अनुभवी व्यक्तीच्या किंवा सार्वजनिक संस्थेच्या कामात घालविलेली वर्षे वाया जात नाहीत.

४. ग्रामीण पार्श्वभूमी ही या क्षेत्रात उणीव नसून, ती जाणीवपूर्वक अभ्यासल्यास भांडवल ठरते.

समारोप :

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर आता थोडक्यात असे देता येईल : अभियंता घर पडू देत नाही आणि वास्तुविशारद त्या घरात माणसाला सुखाने जगू देतो. मराठवाड्याला दोहोंची गरज आहे, हे १९९३ च्या त्या पहाटेने आणि त्यानंतरच्या प्रत्येक उन्हाळ्याने दाखवून दिले आहे. अकरावीच्या वर्गात चित्रकलेची वही लपवून गणित सोडविणारी मुले आपल्या आसपास आहेत. ती वही पाहण्यास मागणे आणि प्रवेश परीक्षेची मुदत संपण्यापूर्वी त्यांना वाट दाखविणे, एवढे काम आपण शिक्षकांनी केले तरी पुरेसे आहे.